येमाजीचा शेवटचा चौक

माझ्या बायकोला हे माहीत नाही. माझ्या भावाला यातलं अर्धं माहीत आहे, पण आपल्याला काय माहीत आहे याची त्याला कल्पना नाही. बाकी कुणाला — कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीटसं कळलेलं नाही. पण बसा जरा. आणि एक आधीच सांगून ठेवतो — हे सांगताना मी मधूनच खुलेन, माझा आवाज चढेल, कदाचित हसेनसुद्धा. लाज कोळून प्यायलोय असं समजू नका. ते दिवसच तसे होते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस होते ते — आणि तीच तर पंचाईत आहे.

मी श्रूजबरीला राहतो, मॅसॅच्युसेट्समध्ये. मूळचा फलटणचा. शेजारच्या शहरात एका इन्शुरन्स कंपनीचे डेटाबेस सांभाळतो, आणि कविता करतो. करतो म्हणजे — करायचो. तरुणपणी मासिकांना पाठवायचो, त्या साभार परत यायच्या. पुढे पुढे साभारसुद्धा यायच्या बंद झाल्या. इथे आल्यावर मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात दरवर्षी एक कविता वाचायचो. माझं नाव पुकारलं की लोकांना चहाची आठवण व्हायची. कुणी वाईट बोलायचं नाही हो. ‘छान होती’ म्हणायचे, आणि कप शोधायला लागायचे. माझी बायको मेघना पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकायची, पण तिला फोनवर उद्याची मीटिंग दिसत असायची, हे मला स्टेजवरूनही दिसायचं.

तर अशा माणसाकडे रिया आली.

रिया म्हणजे आमच्या रवी आणि स्मिताची मुलगी. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. मला सुहासकाका म्हणते. लहानपणी मराठी शाळेत मीच तिला अक्षरं शिकवली — ‘ळ’ म्हणता आला तेव्हा तिने वर्गभर उड्या मारल्या होत्या. आता बॉस्टनजवळ पीएचडी करत होती, आणि विषय काय, तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची कविता! इकडे इंग्लंडात डोंगरदऱ्यांतून हिंडत लिहिणारे तरुण कवी, आणि अगदी त्याच वर्षांत तिकडे डफ-तुणतुणं घेऊन फिरणारे आपले शाहीर. एका बाजूला राज्य वाढत चाललेलं, दुसऱ्या बाजूला पेशवाई बुडत चाललेली. ‘काका, दे वेअर अलाइव्ह ॲट द सेम टाइम! कुणी कधी त्यांना एका टेबलावर बसवलंच नाही!’ असं ती माझ्याच डायनिंग टेबलवर, साबुदाण्याच्या खिचडीची प्लेट बाजूला सारून, ओरडून सांगत होती. मी काय सांगू तुम्हाला — माझ्या अंगात वीज खेळायला लागली. इतक्या वर्षांत माझ्या घरात कवितेबद्दल कुणी ओरडलं नव्हतं.

तिला एका जुन्या छापील संग्रहात एक अर्धीच लावणी सापडली होती. येमाजी नावाच्या शाहिराची, असं म्हणत. त्याचं एवढंच काय ते शिल्लक. नवरा मोहिमेवर गेलेल्या बाईची लावणी. धृपद असं होतं —

डंका वाजला मोहिमेचा, राया गेले दूरदेशी ।
सुनी पडली माझी शेज, बोलू मी कोणापाशी ॥

पुढे दोन चौक, म्हणजे दोन कडवी. आणि त्याखाली संग्राहकाने लिहिलेलं, ‘पुढील भाग मिळत नाही.’ आता गंमत अशी, की शाहीर आपलं नाव गुंफतो ते शेवटच्या चौकात. ‘अमका म्हणे’, ‘तमका सांगे’ — तीच त्याची सही. तो चौकच नाही, तर लावणी येमाजीची कशावरून? रियाचा सगळा धडा तिथे अडला होता. तिच्या गाइडने सांगितलं होतं, शेवटचा चौक मिळाला तर सोनं, नाहीतर येमाजीला सोडून दे.

‘काका, तुमच्याकडे गावाला कुणी म्हणायचं का असलं काही? एनीबडी?’

आणि मी म्हणालो, ‘थांब. माझे एक मामाआजोबा म्हणायचे. हीच. शेवटचा चौक — आहे माझ्या कानात कुठेतरी. आठवून सांगतो.’

कानात काही नव्हतं. मामाआजोबा होते, पण ते पोस्टमास्तर होते, आणि त्यांना मी शिक्क्याच्या ठोक्याशिवाय कसलाही नाद करताना ऐकलेलं नाही. मग का बोललो? तिच्या डोळ्यांत त्या क्षणी जे आलं ना, त्यासाठी. मेघना ओट्यापाशी उभी होती, तिनेही वळून पाहिलं. आजवर माझ्या कुठल्याही ओळीने त्या दोघींपैकी कुणाची मान अशी वळवली नव्हती.

मला वाटलं होतं, दोन दिवसांनी सांगेन, नाही आठवत बुवा. पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो. हीटर चालू, चहूकडे लोटून ठेवलेल्या बर्फाचे करडे ढीग. आणि एक ओळ आली! आपोआप. मी स्टिअरिंगवर ताल धरला. दुसरी आली. माझं सँडविच मांडीवर तसंच राहिलं. तुम्ही कधी काही लिहिलं असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल — शब्द असे हाताला लागतात, जसे काही आधीच तिथे होते आणि आपण फक्त धूळ झटकतोय. माझ्या स्वतःच्या कवितेत असं कधी झालं नव्हतं. माझ्या कवितेत मी असायचो ना, नको तिथे मध्येमध्ये. इथे मी नव्हतोच! इथे एक बाई होती, समई होती, आणि दोनशे वर्षांपूर्वी मेलेला एक माणूस होता, ज्याच्याबद्दल कुणाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी मोकळा होतो. आठवडाभर मी गाडीत गुणगुणत होतो, शॉवरमध्ये गुणगुणत होतो, सकाळी ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसताना फावड्यावर ठेका धरत होतो. शेजारचा म्हातारा हात करून विचारायचा, आज एवढं खुशीत काय?

हा घ्या तो चौक —

समई मालवत आली, उजळिते मी वाती ।
तुझ्या टापांचा होय भास, धडधडते छाती ।
काजळ वाहूनिया गेले, कोरी राहिल्या राती ।
येमाजी म्हणे सखये, विरह तुझा सांगाती ॥

तिसरी ओळ बघा. ‘कोरी राहिल्या राती.’ खरं तर ‘कोऱ्या’ हवं. मी मुद्दाम चूक ठेवली! तोंडी आलेली गाणी अशी झिजलेली असतात, म्हणून. केवढा अभिमान वाटला होता मला त्या चुकीचा. आणि खालची सही — दुसऱ्याची सही करताना माझा हात कधी नव्हे इतका मोकळा चालला.

रियाने ते फोनवर रेकॉर्ड केलं. मी डोळे मिटून, आठवत-आठवत, मध्ये एकदा अडखळून म्हटलं. अडखळणंसुद्धा बसवलेलं होतं. म्हणून झाल्यावर तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावून ऐकलं. मग म्हणाली, ‘काका, येमाजी साउंड्स सो मॉडर्न!’ मला हसू फुटणार होतं, ते मी खोकल्यात घातलं.

इथवर तुम्ही म्हणाल, असू दे, एक हौस झाली. कुणाचं काय गेलं? मीही तेच म्हणत होतो. पण मी ज्यासाठी तुम्हाला बसवून घेतलंय ते हे नाहीच. ते पुढे आहे.

एक चौक मिळाला म्हटल्यावर रिया पेटली. आपल्याच गावात, आपल्याच लोकांच्या घरांत, अशी गाणी दडलेली असतील तर? ती हळदीकुंकवाला गेली, गणपतीच्या देवळातल्या हॉलमध्ये बसली, भेटेल त्या आजीला विचारत सुटली. बहुतेकांनी तिला सिनेमातल्या लावण्या सांगितल्या. पण एक दिवस तिचा मला फोन आला, अगदी दबक्या आवाजात — ‘काका, इंदूआजींना येमाजी माहितीये.’

इंदूमावशी म्हणजे आमच्या संजयची आई. ऐंशीच्या पुढच्या. नवरा गेल्यावर संजयने त्यांना इथे आणलं होतं. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर. मंडळाच्या कार्यक्रमात कोपऱ्यात शाल गुंडाळून बसायच्या, कुणी विचारलं तर गुडघ्याबद्दल बोलायच्या. त्यांचं माहेर कऱ्हेकाठचं. वडिलांचा मळा होता, आणि जत्रेला आलेला तमाशाचा फड त्या मळ्यात उतरायचा. फडात एक म्हातारी होती, गळा गेलेला, आता फक्त स्वयंपाक करायची. ती चुलीपुढे बसून जुनं जुनं म्हणायची आणि ही आठ-दहा वर्षांची पोर शेजारी बसून ऐकायची. घरात कळलं तेव्हा मार बसला. पुढे उभ्या आयुष्यात त्यांनी ते कुणापुढे म्हटलं नव्हतं. नवऱ्यापुढेही नाही.

मार्चमध्ये रिया आणि मी त्यांच्याकडे गेलो. संजय आणि त्याची बायको कामावर होते, ती वेळ मावशींनीच सांगितली होती. रियाने फोन काढला तर त्या म्हणाल्या, ‘ते नको गं बाई. लावणी आहे ती. सुनेच्या कानावर गेलं तर काय म्हणेल? तू नुसतं ऐक.’ रियाने फोन पर्समध्ये ठेवला. मग मला म्हणाली, ‘काका, माझं मराठी पुरणार नाही. तुम्ही नीट ऐका हं. मग मला लिहून द्या.’

म्हणजे तिथे कान होते ते माझेच.

मावशी मेथी निवडत होत्या. हात थांबवले नाहीत, वर पाहिलं नाही. बारीक, चिरका आवाज — पण चाल! चाल ऐकून मी ताठ बसलो. मी रचलेल्या चौकाची चाल संथ होती, रडवी. ही चालती होती, पाय आपटणारी. धृपद तेच. पहिले दोन चौक तेच, एखादा शब्द इकडे-तिकडे. मग शेवटचा आला —

चंदी दळिली राया, भाकर केली लेकरां ।
पागोटं तुझं फाडून, झोळी बांधिली तान्ह्या पोरा ।

याच्यापुढे दोन ओळी होत्या. तिसरी नदीची होती. चौथीत येमाजीचं नाव होतं, ते मी स्वच्छ ऐकलं. बाकीचे शब्द — त्याबद्दल पुढे बोलतो.

रिया श्वास रोखून बसली होती. तिने विचारलं, ‘आजी, चंदी म्हणजे?’ मावशी म्हणाल्या, ‘काय की बाई. मला तसंच शिकवलं.’

रिया बॉस्टनहून गाडी घेऊन आली होती, परतताना तिने मला त्यातच बसवलं. मग म्हणाली, ‘काका, मला सगळं कळलं नाही, पण आय गॉट चिल्स. चंदी म्हणजे सिल्व्हर का? ती सिल्व्हर दळते?’

मला तिच्या आवाजात तोच उजेड ऐकू आला, जो माझ्या टेबलापाशी तिच्या डोळ्यांत आला होता. तो आता दुसऱ्या कुणासाठी होता. आणि मी बोलायला लागलो — काय सफाईने बोललो! चांदी कुणी दळतं का? लहानपणी चुलीपुढे ऐकलेलं, अर्धवट झोपेत, शब्द बदलतात गं. आणि हा सूर बघ, असा रोखठोक — विरहाच्या लावणीत कुठली बाई नवऱ्याचं पागोटं फाडेल? नंतर कुणीतरी तमाशात घुसडलेलं आहे हे. ‘बट हर व्हर्जन हॅज हिज नेम,’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘नावाचं काय एवढं? नाव कुणीही चिकटवतं.’

हे मी म्हणालो. मी! तोंड वाकडं न करता.

शेवटचे चौक दोन असू शकत नाहीत. एक खरा, दुसरा खोटा. रियाने माझा घेतला. का नाही घेणार? मी तिला ‘ळ’ शिकवला होता.

यानंतर आठवडाभरात भावाचा फोन आला. दादा फलटणलाच असतो. मी त्याला मजा म्हणून सांगायला लागलो — इथे एक म्हातारी आहे, काय एकेक गाते, म्हणे चांदी दळली आणि भाकरी केली! मी हसलो. दादा हसला नाही.

‘चांदी कशाला असेल? चंदी असेल,’ तो म्हणाला. ‘अरे, चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. आपल्या आबांचा टांगा होता, विसरलास? हरभरा भिजवून घालायचे, तोबऱ्यात. त्याला चंदीच म्हणायचे. घोड्याची चंदी झाली का, असं विचारायचे आबा रोज.’ मग म्हणाला, ‘म्हणजे घोड्यासाठी ठेवलेला दाणा तिने दळून पोरांना घातला होय? मग घोडाच येणार नाही, हे तिला कळलंय.’

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तुम्हाला दिसतंय ना? ती बाई एक शब्द रडत नाही. घोड्याचा दाणा दळते — घोडा येणार नाही. पागोटं फाडते — ते बांधणारा माणूस येणार नाही. तो मेला आहे, आणि ते ती सांगत नाही, कामं सांगते! समई नाही, काजळ नाही, छाती धडधडत नाही. आणि पुन्हा ‘राया’ म्हणून त्यालाच सांगते आहे सगळं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे रचलं होतं, आणि ते चुलीपुढून चुलीपुढे येत येत इथे, श्रूजबरीत, मेथी निवडता निवडता माझ्यापुढे आलं होतं. मी फोन ठेवून खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो. इतका थरार मला माझ्या चौकाने दिला नव्हता. इंग्रजीतल्या त्या थोर कवींनी दिला नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं. रियाला फोन करून ओरडावंसं वाटत होतं!

फोन हातात होता. मी तो केला नाही.

विसरलो नाही. टाळाटाळ झाली, असंही नाही. मी उभा राहून विचार केला — सांगितलं तर ती विचारेल, मग तुमचा चौक कुठून आला? आणि मी ठरवलं, सांगायचं नाही.

मे महिन्यात रियाचं युनिव्हर्सिटीत प्रेझेंटेशन होतं. तिने मला मुद्दाम बोलावलं. मास पाइक हायवेवरून जाताना मी नवा कुर्ता चुरगळू नये म्हणून ताठ बसून गाडी चालवत होतो. पडद्यावर माझे शब्द मोठ्या देवनागरीत झळकले, शेजारी रियाचं इंग्रजी भाषांतर. तिने त्या ‘कोरी’ शब्दावर बराच वेळ घालवला. हॉलमध्ये पन्नासेक लोक असतील. कुणालाही चहाची आठवण झाली नाही. मग तिने मला पुढे बोलावलं आणि मी तो चौक म्हटला. टाळ्या! मेघना उभी राहून वाजवत होती. एका पाहुण्या प्राध्यापकबाईंनी हात वर करून विचारलं, ही परंपरा तुमच्यापर्यंत कशी आली? बाई सौम्यपणे विचारत होत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी मामाआजोबांना तुणतुणं दिलं. त्यांना जोंधळ्याच्या शेतात राखणीला बसवलं. बिचारे पोस्टमास्तर! मी बोलत राहिलो आणि मला त्याची चटक लागत गेली. चंदीचा अर्थ कळल्यानंतरची गोष्ट आहे ही, हे ध्यानात ठेवा.

रियाच्या प्रबंधात इंदूमावशींचा उल्लेख तळटीपेत आहे. ‘एक दुसरा पाठही ऐकायला मिळतो, परंतु तो भ्रष्ट वाटतो.’ त्या वाक्याला आधार म्हणून माझं नाव आहे.

तरी तिच्या मनातून ते गेलं नव्हतं, बरं का. जूनमध्ये ती म्हणाली, ‘काका, इंदूआजींकडे एकदा परत जाऊ या? आय कीप थिंकिंग अबाउट इट.’ मी म्हणालो, तू लिहिण्यात गुंतली आहेस, मी जाऊन येतो.

आणि मी गेलो. इथे मला जरा थांबू द्या.

दुपारची वेळ होती. मावशींनीच दार उघडलं. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला! त्यांना वाटलं, मी त्या गाण्यासाठी आलोय. आणि दुसऱ्या कशासाठी येणार? चहा केला, आलं घालून. खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाल्या, ‘सुहासराव, त्या दिवसापासून सगळं आठवायला लागलंय बघा. झोपेत येतं. आणखी चार-पाच आहेत. पण आधी ती नीट लिहून घ्या, पोरीला चुकीचं जायला नको.’ आणि माझ्याकडे बघत, या वेळी न लाजता, हाताने मांडीवर ठेका धरून त्यांनी धृपद उचललं. पहिला चौक झाला. दुसरा झाला. ‘चंदी दळिली राया...’

तिसरी ओळ यायच्या आत मी म्हणालो, ‘मावशी, गुडघा कसा आहे आता?’

त्या थांबल्या. हात मांडीवर तसाच राहिला. माझ्याकडे बघत राहिल्या — रागाने नाही, गोंधळूनही नाही. त्यांना कळलं असावं असं मला वाटतं. किती कळलं, देव जाणे. मग म्हणाल्या, ‘आहे तसाच.’ आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

मी का अडवलं, सांगू? मला कविता पाठ होतात. हा माझा एकच गुण. पुन्हा एकदा ऐकली असती तर ती चारही ओळींनिशी माझ्यात कायमची बसली असती, आणि ती माझ्यात असताना माझा चौक मला म्हणता आला नसता. म्हणून मी ऐकलं नाही. एका म्हाताऱ्या बाईने जन्मात दुसऱ्यांदा तोंड उघडलं होतं, आणि मी तिला गुडघा विचारला.

रियाला सांगितलं, जाऊन आलो, नवीन काही नाही. ऑगस्टमध्ये मावशींना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. सप्टेंबरात त्या गेल्या. त्या चार-पाच लावण्या कुठल्या होत्या, मला माहीत नाही. नदीच्या त्या ओळीसाठी मी अजूनही धडपडतो. पण ‘नदी’ शब्दापुढे जे काही येतं ते माझंच असतं, हे मला ओळखू येतं. मी रचतो. थांबताच येत नाही.

संजयच्या घरी प्रार्थनेला सगळे जमले होते. हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, फोटोला हार. रियाही आली होती — तिला आता दुसऱ्या राज्यात नोकरी लागली आहे, येमाजीवरच्या त्या धड्यामुळेच लागली असं ती म्हणते. भजनं झाली. मग संजय उठून माझ्यापाशी आला. म्हणाला, ‘सुहास, रियाकडून कळलं, आईला जुन्या लावण्या यायच्या. आम्हाला घरात पत्ताच नव्हता रे. तू तिच्याकडे गेला होतास ना दोनदा? तिची ती आवडती लावणी म्हणशील का?’

माझ्याकडे अजून शेवटच्या दोन ओळी सोडून बाकी सगळं खरं होतं. धृपद होतं, दोन चौक होते, चंदी होती, पागोटं होतं. तेवढं म्हणून थांबता आलं असतं. पुढचं आठवत नाही म्हणून सांगता आलं असतं.

मी त्यांच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि समईचा चौक म्हटला. संथ, रडव्या चालीत. सून पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. संजयने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. रवी, स्मिता, रिया, मागे उभी असलेली इथली इंग्रजी बोलणारी पोरं — सगळ्यांचे डोळे भरून आले. कुणी हललं नाही. आणि त्या शांततेत, त्या बाईच्या फोटोपुढे उभं असताना, मला आनंद होत होता. भरभरून आनंद होत होता. आवाज जरासुद्धा कापला नाही.